ताण्यावरची भिंत

जानेवारीतले ऊन त्या मोहल्ल्यात कधी घाईने येत नसे. पूर्वेला मशिदीचा एकुलता मिनार, त्यामागे बंद पडलेल्या जिनिंगचे पत्रे आणि पत्र्यांवर रेंगाळलेले धुके, या सगळ्यांची जणू रीतसर परवानगी काढत ते पुढे सरकायचे. आधी समोरच्या गच्चीवरल्या काळ्या टाकीची कड उजळे. फक्त कड, ताटाच्या काठाएवढी. मग दोरीवर रात्रभर विसरलेल्या कुणाच्या तरी चादरीचा वरचा काठ. मग बराच वेळ काहीच होत नसे. टाकी तशीच, चादर तशीच, आणि आकाश मात्र दुधावर साय धरावी तसे हळूहळू दाट होत चाललेले. पाहणाऱ्याला वाटावे, आज एवढ्यावरच भागवायचे आहे. आणि नेमकी त्याने नजर वळवली की ऊन भिंतीवर येऊन बसलेले असे.

भिंतीच्या माथ्यावर बाटल्यांच्या काचा रोवलेल्या होत्या. हिरव्या, तपकिरी, एखादी औषधाच्या बाटलीची निळी. त्या काचांवर आदळून ऊन उलटे वर उसळे आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या छतावर उजेडाचे डाग उमटत. त्यांत रंगाची नुसती शंका असे. हिरवा म्हणावा तर हिरवा, नाहीतर नुसताच उजेड. ते डाग थरथरत, सरकत सरकत खिडकीशी येत आणि ऊन चढले की एकेक करून विझून जात. एलिया घाटविसावे रोज सकाळी अंथरुणात पडून ते विझेपर्यंत पाहत राही. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने सकाळ अशी घालवावी का, असे त्याला कुणी विचारले नव्हते. विचारले असते, तर त्याने ओशाळून चादरीची घडी करायला घेतली असती.

आज रविवार होता, आणि त्या डागांकडे त्याला नेहमीसारखे शांतपणे पाहता येत नव्हते. दुपारी सगळे घर जमणार होते. जमणार होते ते या भिंतीसाठीच.

खाली आईने, एलिझाबेथबाईंनी, चूल पेटवावी तशा निगुतीने गॅस पेटवला. मग दाराची कडी वाजली, मग फाटकाची. भिंतीपलीकडून भाजीवाल्या साळूबाईचा आवाज आला, "बाई, मेथी ठिवलीय तुमची, कवळी हाय." आईने काहीतरी उत्तर दिले आणि दोघी हसल्या. आई बाहेर कशी हसते, हे एलियाला भिंतीमुळे नेहमी अर्धेच ऐकू येई.

भिंतीपलीकडे ताणा होता. मोहल्ल्यातले विणकर पूर्वी मागावर चढवण्याआधीचे सूत ज्या लांबोळक्या पटांगणात पहाटे ताणून ठेवत, त्या पटांगणालाच लोक ताणा म्हणत. माग गेले, विणकर पांगले, नाव तेवढे राहिले. मग तिथे कचरा आला, बिघडलेले टेम्पो आले, अंधार आला आणि अंधारापाठोपाठ ज्यांना अंधारच हवा असतो ती माणसे आली. एलियाच्या वडिलांनी भिंत उंच करून तिच्यावर काचा बसवल्या त्या तेव्हा. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवणारा तो शांत माणूस, पण काचा बसवताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले एलियाने पाहिले होते. वडील गेल्याला आता चार वर्षे झाली. काचा अजून तितक्याच धारदार होत्या.

आणि ताणा मात्र बदलला होता. कसा बदलला, हे एलियाने खिडकीतूनच पाहिले होते. पण पाहिले होते नीट, एकही दिवस न चुकवता. आधी सकीनाबींच्या बचत गटाच्या बायका एका शुक्रवारी नमाजानंतर फावडी घेऊन आल्या. त्यांना पाहून मशिदीच्या कमिटीचे म्हातारे लाजेकाजेने आले, त्यांना पाहून गणेश मंडळाची पोरे आली, आणि चर्चच्या तरुण संघाला तर एलियाची बहीण प्रार्थना हिने शेवगावहून फोन करकरून बाहेर काढले. मंडळी एकदा टेम्पो करून हिवरे बाजारला जाऊन आली. तिथे सारे गाव एकत्र बसून उघड्यावर निर्णय घेते हे पाहून परतताना टेम्पोतच त्यांचे भांडण झाले, आणि ते भांडण ताण्यावर पोहोचेस्तोवर पहिली सभा झालेली होती. कचरा गेला. जुने दगडी खुंटे, ज्यांना विणकर सूत बांधत, ते मातीतून वर आले. कुणीतरी त्यांना चुना लावला. लोक जे काम आपले नाही असे आयुष्यभर म्हणत आले होते, तेच काम ते एकमेकांच्या हातातून ओढून घेऊ लागले होते. हे पाहताना एलियाला कधी कधी ते पेलवेनासे होई, आणि तो खिडकी लोटून घेई.

ताण्याचा नकाशा त्यानेच काढला होता. पुण्याच्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या संगणकावर लोकांच्या घरांचे नकाशे काढी. ज्यांत तो कधी पाऊल टाकणार नव्हता अशा घरांचे जिने, अशा घरांच्या गॅलऱ्या. ताण्याचा नकाशा काढत असताना आई दूध घेऊन वर आली होती.

"ही काळी रेघ म्हणजे आपली भिंत का रे?"

"हो."

"काढता येते?"

"पुसली की जाते," तो मान वर न करता म्हणाला होता. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि खाली गेली.

मग गेल्या रविवारची ती सभा. आतापर्यंत उरक चांगला होता, पण रोजची, कंटाळवाणी कामे वाटून घ्यायची वेळ आली तशी मंडळी चपला शोधू लागली. तेव्हा याकोबकाका उठले. वडिलांचे हे धाकटे भाऊ चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या सणाला लिलाव पुकारत. त्या दिवशी लोक शेतातले पहिले पीक, भोपळा, कोंबडी, घरचा केक, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवत आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. काका असा पुकारा करत की साध्या वांग्यासाठीही दोन भाऊबंद ईर्ष्येला पेटावेत. त्या लिलावाचे दोनच नियम होते. बोललेली बोली मागे घ्यायची नाही, आणि एकदा वेदीपुढे ठेवलेली वस्तू परत न्यायची नाही.

"आमच्यात एक रीत आहे," काका ताण्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "फक्त आज पैसा चालणार नाही. काम ठेवतो, काम बोला. झाडांना पाणी. कोण बोलतंय?"

"एक उन्हाळा," मागून कुणीतरी म्हणाले.

"एका उन्हाळ्यात रोप मरायचंसुद्धा शिकत नाही. पुढं बोला."

"दोन उन्हाळे," सकीनाबींचा मुलगा शाहबाज म्हणाला.

"तू आधी टेम्पो हालीव तिथनं," साळूबाई म्हणाली, "मंग पानी घाल. झाड काय टेम्पोत लावनार हाय?"

सगळा ताणा हसला. शाहबाजने टेम्पोही बोलीत घातला. महापालिकेचे बजरंगराव, ज्युनिअर इंजिनिअर, नुसते पाहायला म्हणून स्कूटरवर बसून होते, त्यांच्याही तोंडून पाडव्याच्या आत दिवे लावतो असे निघून गेले, आणि काका म्हणाले, "साहेब, ऑफिसातलं वचन वेगळं. इथली बोली फिरत नाही बरं का."

आणि मग आई उठली. एलियाने वरून पाहिले, तिने पदर सारखा केला.

"आमची भिंत," ती म्हणाली. "ताण्यावर सावली कुठंच नाही. कडुलिंबाचं झाड आमच्या अंगणात अडकलंय. भिंत घ्या, सावली सगळ्यांची."

काकांचा पुकारा तेवढ्यापुरता अडला. मग सकीनाबी म्हणाल्या, "दगड आमचा गट घेईल. त्याचा ओटा बांधू, लिंबाखाली. बायकांना बसायला. या मोहल्ल्यात बाप्यांना चहाची टपरी आहे, पोरांना कट्टा आहे. आम्ही उभ्याच."

"एकवार," काका म्हणाले. "दोनवार." आणि त्यांनी वर, खिडकीकडे पाहिले. एलिया गजांना धरून उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचे होते. त्याने खिडकीचे दार अर्धे लोटले.

"तीनवार," काका हळूच म्हणाले.

दुपारी जेवणाच्या पंगतीला पहिला घास जोसेफने घेतला आणि पहिला वारही त्यानेच केला. थोरला मुलगा, पुण्यात दुकानांची बांधकामे घेणारा. बायकोला सुट्टी नव्हती म्हणून फक्त मुलीला घेऊन आला होता. रश्श्यात भाकरी कुस्करत तो म्हणाला, "आई, रस्सा झकास झालाय. आता सांग, हे भिंतीचं खरं आहे की काकांनी पुकाऱ्याच्या भरात ओढलं तुझ्याकडून?"

"तिच्याकडून कुणी काही ओढलं नाही," प्रार्थना म्हणाली. "तिनं ठेवलं."

"ताई, तू शेवगावला राहतेस."

"आणि तू कोथरूडला. बस तर मग, दोघंही लांबचेच."

याकोबकाका हसले आणि लगेच हसू आवरून त्यांनी कांदा उचलला. जोसेफने बोटे चाटून पुसली. "हे बघ. ताणा सुधारला, चांगलं झालं, मला आनंद आहे. पण सुधारला म्हणजे काय झालं? भिंतीच्या आतली रस्त्याकडेची आपली पट्टी आता सोन्यासारखी झाली. तिथं चार गाळे निघतात. खाली गाळे, वर एलूला दोन खोल्या. आईला म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको. आणि तुम्ही तिथं लिंबोळ्या वेचायला ओटा बांधणार."

"बोललेलं मागं घेता येत नाही, जोसेफ," काका म्हणाले.

"ते चर्चमध्ये, काका. तिथं वेदी असते. ताण्यावर कुठं वेदी होती?"

काकांनी ताटात पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "मला तर दिसली बाबा."

आईने जोसेफच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग जोसेफने हुकमाचे पान टाकावे तसे एलियाकडे पाहिले. "एलूला विचारा. या घरात राहतं कोण? तो. आईला सांभाळतो कोण? तो. पुण्याच्या ऑफिसात टेबल दिलं होतं त्याला, आईसाठी सोडलं त्यानं. त्याचं काय म्हणणं आहे?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. पाच माणसे आपल्याकडे पाहत आहेत एवढ्यानेच एलियाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला गाळे नको होते. ओटाही नको होता. सकाळचे छत हवे होते, अर्धे ऐकू येणारे हसणे हवे होते, आणि ज्यात आपल्याला कुणी पाहत नाही अशी खिडकी हवी होती. यातले एकही कारण पंगतीत वाढण्यासारखे नव्हते.

"भिंत राहू दे," तो म्हणाला. "बाबांनी बांधलेली आहे."

प्रार्थनाने चमकून वर पाहिले. आई मात्र दचकली नाही. तिने रश्श्याचे पातेले उचलले. "एलू नको म्हणत असेल तर राहू दे," ती म्हणाली. "मी सकीनाबींना सांगते."

"वहिनी, रीत," काका पुटपुटले.

"रीत माझ्यावर राहील, भाऊजी." आणि ती आत गेली. नळाचे पाणी मोठ्याने वाहू लागले.

जेवणानंतर प्रार्थना जिन्यात त्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. लहानपणी ती अशीच वरच्या पायरीवर बसे, म्हणजे त्याचे केस विस्कटता यावेत.

"बाबांना त्या काचा आवडत नव्हत्या, माहीत आहे तुला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

खाली जोसेफ फोनवर बोलत बोलत फाटकाबाहेर गेला, आणि त्याची मुलगी त्याच्यामागे पळाली.

"एलू, एक विचारू? तू खरंच आईसाठी थांबलास इथं?"

"तिला एकटं टाकून जायचं होतं का?"

"मी तसं नाही विचारलं." तिने त्याचे केस विस्कटले नाहीत. नुसता हात ठेवला, थोडा वेळ, आणि उठून गेली. एलियाला तिचा राग आला. ज्यांना जायचे होते ते गेले, आणि राहिलेल्याला आता विचारतात तू का राहिलास. चार वर्षे दिवे लागले की तो आणि आई समोरासमोर बसून जेवत. ती मोहल्ल्यातले दोन शब्द सांगे, तो ऐके. त्या एका तासावर त्याने आपल्या आयुष्याचा सगळा हिशेब उभा केला होता, आणि तो हिशेब त्याच्या मते चोख होता.

तासाभराने जोसेफ परतला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर लाल मातीचा हात उमटलेला होता.

"काय रे हे?" काकांनी विचारले.

"शाहबाज्यानं पहिल्याच चेंडूवर दांडी काढली. मी म्हटलं नो बॉल, तर म्हातारे अंपायर म्हणाले, बाळ, पुण्याचे नियम पुण्यात." तो ओसरीवर टेकला. त्याचा दम अजून बसायचा होता. "सारा कुठंय माहितीये? तिकडंच. येत नाही म्हणाली. कुणाच्या तरी पोरीबरोबर त्या दगडी खुंट्यांना दोरी बांधून काहीतरी खेळतीये." आणि मग बराच वेळ त्याने शर्टावरची माती झटकली नाही. "मला या ताण्यावर पाय ठेवायची चोरी होती, काका. बाबा चामडी सोलायचे. माझी पोरगी तिथनं घरी यायला तयार नाही."

"मग गाळ्यांचं काय?" प्रार्थनाने विचारले. आवाज जरा जास्तच गोड होता.

"गाळ्यांना गिऱ्हाईक कुठनं आणू? सगळी खेळतायत." तो हसला, आणि मग हसणे सोडून म्हणाला, "आईचं खरं आहे. जाऊ दे भिंत."

म्हणजे आता तो एकटाच उरला. एलियाला हे कळले आणि घरातल्या कुणीही त्याच्याकडे पाहिले नाही, हेही कळले. ती त्यांची माया होती, आणि ती त्याला जड झाली.

आईला शोधत तो मागच्या दारी गेला. ती नव्हती. फाटक अर्धे उघडे होते. फटीतून त्याला ती दिसली. भिंतीला लागून, बाहेरच्या बाजूने, उन्हात, आई, सकीनाबी आणि साळूबाई अशा तिघी उभ्या होत्या. साळूबाईने भाजीची रिकामी पाटी पालथी घालून पुढे सरकवली.

"बस की बाई जरा. दुपारधरनं हुबी हायेस."

"नको. निघतेच आहे."

"म्हणजे नाहीच म्हणता?" सकीनाबींनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हरकत नाही, एलिझाबेथबाई. आम्ही गटाला सांगू, दुसरीकडं बघू. सावली काय, पुढंमागं मिळंल."

"मी बोलले ते मनापासून बोलले होते हो," आई म्हणाली. "पण त्याला माणसांत करमत नाही. भिंत गेली तर कुठं जाईल तो?"

"पोरगं मोठं झालं की आता," साळूबाई म्हणाली. "लई वरसं झाली तुजं हेच ऐकतीय. दिवं लागायच्या आत जाते, पोरगं यकटं हाय. आमी हितं गप्पा मारीत बसतो आन् तू चप्पल घालून मोकळी."

आई हसली. पूर्ण हसणे, पहिल्यांदाच भिंतीशिवाय ऐकलेले. आणि त्या हसण्याच्या शेवटी असे काहीतरी होते, जे ऐकून एलिया फटीपासून मागे सरकला.

निमित्त सांगत असेल, त्याने स्वतःला सांगितले. बायकांच्या गप्पांतून सुटायला आईला निमित्त लागत असेल. ती मुळात घरातलीच. तो जिना चढून वर आला, दार लावले, संगणक सुरू केला आणि नुसतेच काहीतरी करायला हवे म्हणून ताण्याचा नकाशा उघडला. त्याने त्या काळ्या रेघेवर बोट ठेवले आणि ती पुसली.

आणि पुसल्यावर त्याला जे दिसले ते पाहून तो, पेशाने नकाशे काढणारा माणूस, खुर्चीत सरळ झाला. अंगण आणि ताणा एक होताच ते लांबोळके, हरवल्यासारखे पटांगण एकाएकी पुरे झाले. एवढे दिवस त्याला एक टोक नव्हते. लिंबाच्या सावलीचे वर्तुळ नेमके तिथे पडत होते जिथे खुंट्यांची रांग संपे. विणकरांनी सूत कुठपर्यंत ताणले असेल, कुठे थांबून घाम पुसला असेल, ते सगळे आपोआप कळावे तसे. आईने नकाशा कधी वाचलेला नव्हता. रोज तिथे उन्हात उभी राहून तिने हे पाहिले होते.

खाली चहा झाला होता. जोसेफ निघायच्या तयारीत होता. एलिया जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला.

"नकाशात ती रेघ मी पुसली," तो म्हणाला.

काकांचा कप ओठांशीच राहिला. जोसेफने विचारले, "म्हणजे?"

"म्हणजे भिंत जाऊ दे. काचा मात्र मी काढणार. दुसऱ्या कुणाचा हात कापायला नको."

आईने त्याच्याकडे पाहिले. तिने का म्हणून विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. कारण त्याने स्वतःशी धरलेले कारण एवढेच होते की नकाशा तसा चांगला दिसतो.

काचा काढायला त्याला दोन सकाळी लागल्या. छिन्नीने चुना फोडून एकेक काच तो गोणीत टाकत होता. निळी काच हाताला आली तेव्हा त्याने ती डोळ्यांशी धरून ताणा पाहिला. साळूबाई, शाहबाजचा हललेला टेम्पो, मिनार, सगळे निळे. मग तीही गोणीत टाकली. शेवटी भिंत पडली ती काही मोठा आवाज करून नाही. अजिनाथ गवंडी वरून एकेक दगड उतरवत होता आणि बायका रांग करून तो हातोहात लिंबाखाली पोहोचवत होत्या. त्या रांगेत चर्चच्या मुली होत्या, मंडळाच्या पोरांच्या आया होत्या. बुरखा कमरेला खोचून सकीनाबी होत्या, आणि मधोमध आई. दगड हातात येताना ती किंचित वाके, देताना ताठ होई. एलिया अंगणात उभा राहून ते पाहत होता. मग रांगेत एक जागा रिकामी झाली आणि कुणीही न बोलावता तो तिथे जाऊन उभा राहिला. "घे," शेजारची बाई म्हणाली, जशी काही ती त्याला रोज म्हणत आली होती.

पाडव्याच्या चार दिवस आधी बजरंगरावांचे दिवे लागले. त्यांनी स्वतः खांबाला हात लावून दाखवला आणि काकांना म्हणाले, "बघा, फिरलो नाही."

त्या संध्याकाळी एलिया काम संपवून खिडकीशी आला. सकाळचे डाग आता छतावर येत नव्हते. ऊन सरळ, अखंड आत येई आणि त्यात पाहत राहण्यासारखे काही नसे. पण खिडकीतून आता ओटा दिसे. लिंबाखाली, त्याच भिंतीच्या दगडांचा, चुन्याच्या बारीक रेघा अजून पांढऱ्या असलेला. त्यावर सकीनाबी सुपारी कातरत बसल्या होत्या, साळूबाई पाय सोडून, आणि त्यांच्यामध्ये आई. ती कसलीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती. हात हवेत उंचावून, डोळे मोठे करून, मध्येच दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज काढून. बाकीच्या पोट धरून हसत होत्या. आईला असे सांगता येते, हे त्याला माहीत नव्हते. रात्री जेवताना ती दोनच शब्द सांगे, कारण तेवढ्यातच तो ताटात पाहू लागे.

दिवे लागले. ताण्यावर पिवळा उजेड पडला, आणि एलियाने पाहिले की गोष्ट अर्ध्यावर टाकून आईचा पाय चप्पल चाचपतो आहे. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिले.

त्याने हात बाहेर काढला आणि तळवा खाली करून दोनदा हलवला. बस.

आई तशीच क्षणभर अर्धी उठलेली राहिली. मग साळूबाईने तिचा पदर धरून ओढला, आणि ती बसली. चप्पल तिने ओट्याखाली सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा हसणे ऐकू आले, पुरतेच्या पुरते.

एलिया खाली आला. स्वयंपाकघरात ताटे झाकून ठेवली होती. त्याने एकाच ताटावरचे झाकण काढले, पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि ओट्याकडे तोंड करून दारात जेवायला बसला. पहिला घास घेतला तेव्हा ते त्याला कबूल करावेच लागले.

चार वर्षे आई त्याच्यासाठी घरात थांबली होती.